कोणते राजाराम? विकिडेटाबद्दल एका सूचीवालीचं मत

इतिहासाच्या पुस्तकांच्या शेवटी जी नामसूची असते, ती तयार करणं हे माझं काम. ही पानं वाचक सहसा उघडत नाही, आणि उघडतो तेव्हा नेमकी चूक असलेल्या ओळीवरच बोट ठेवतो. चूकही बहुतेक वेळा एकाच जातीची असते: एका नावाची दोन माणसं एका नोंदीत कोंबलेली. हे टाळण्यासाठी मी विकिडेटा वापरते, आणि माझ्या धंद्यातल्या प्रत्येकानं तो वापरावा असं माझं स्वच्छ मत आहे. तक्रारी आहेत, त्याही सांगते.

विकिडेटा हे विकिपीडियाचं भावंड. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं. इथे लेख नसतात, नोंदी असतात. प्रत्येक माणसाला, गावाला, ग्रंथाला क्यूनं सुरू होणारा एक क्रमांक. विश्व म्हणजे क्यू१, पृथ्वी क्यू२, ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल क्यू८०१६. आकड्यांत काही गूढ नाही आणि ते नाही हेच बरं आहे. नाव बदलो, पदवी मिळो, दत्तक जाऊन माणसाचं घराणंच बदलो, क्रमांक तोच राहतो.

चर्चिलचंच घ्या. अमेरिकेत त्याच नावाचा एक कादंबरीकार होता, जन्म १८७१, म्हणजे पंतप्रधानांपेक्षा तीन वर्षांनी मोठा. नात्यागोत्याचा काही संबंध नाही. १८९९ मध्ये तो अमेरिकन इतका गाजत होता की धाकट्या इंग्रजानं त्याला पत्र लिहून कळवलं, यापुढे माझ्या लेखनावर मी ‘विन्स्टन स्पेन्सर चर्चिल’ अशी सही करीन. आता सूची करणारा म्हणेल, सोपं आहे, कंसात व्यवसाय लिहू. जमत नाही! इंग्रज चर्चिलला १९५३ चं साहित्याचं नोबेल मिळालं, म्हणजे तोही लेखकच. अमेरिकन चर्चिल न्यू हॅम्पशायरच्या विधिमंडळात निवडून आला होता, म्हणजे तोही राजकारणी. चित्रं दोघंही काढत. वर पंतप्रधानांचा नातू, नाव पुन्हा विन्स्टन चर्चिल, तोही खासदार आणि लेखक. कंसात काय लिहाल?

विकिडेटानं यावर जो नियम केला आहे त्याला माझे पूर्ण गुण. प्रत्येक नोंदीला नाव असतं आणि नावाखाली एका ओळीचं वर्णन. एकाच भाषेत नावही तेच आणि वर्णनही तेच अशा दोन नोंदी ठेवता येत नाहीत, ते जतनच होत नाही. म्हणजे वर्णन लिहिणाऱ्याला विचार करावाच लागतो: याचं त्याच्यापेक्षा वेगळं काय? याशिवाय पी१८८९ या क्रमांकाचा एक गुणधर्म आहे, ‘हा त्याच्याहून वेगळा’ एवढंच सांगणारा. छापील कोशांत मला याच्या तोडीचं काही आढळलं नाही. कोश सांगतात कोण कोण आहे. अमुक म्हणजे तमुक नव्हे, हे वेगळं नोंदवायचा रकाना त्यांच्याकडे नसतो.

आता आपल्याकडचे राजाराम. शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र छत्रपती राजाराम १७०० मध्ये वारले. सातारच्या गादीवर शाहूंनंतर आलेले रामराजे हेही राजारामच. कोल्हापूरचे एक राजाराम १८७० मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला वारले. आणि राजर्षी शाहूंचे पुत्र, १९२२ ते १९४० गादीवर असलेले, तेही राजाराम. ‘पहिले’, ‘दुसरे’ लावून भागत नाही, कारण कुठल्या गादीपासून मोजायला लागता त्यावर ‘दुसरे’ कोण ते ठरतं. चार क्रमांक समोर ठेवले की हा घोळ टिकत नाही. प्रत्येकापुढे वडील, जन्म, मृत्यू, पद, आधीचा आणि नंतरचा सत्ताधीश असे रकाने असतात, भरलेले असले तर.

शाहूंचं तसंच. एका प्रकाशनाच्या मुद्रितात १७४९ मध्ये वारलेल्या सातारच्या शाहू महाराजांच्या मजकुराशेजारी चक्क छायाचित्र लावलेलं मी पाहिलं. छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९ मध्ये! फोटो अर्थात कोल्हापूरच्या शाहूंचा होता, जन्म १८७४. नाव टाइप करून येईल ते पहिलं चित्र उचलायचं, हा हल्लीचा रिवाज. क्रमांकावरून गेलं असतं तर हा प्रकार झाला नसता, कारण चित्र नावाला नव्हे, नोंदीला जोडलेलं असतं.

तारखांच्या बाबतीतही मला हे प्रकरण आवडतं. दोन भास्कराचार्यांपैकी लीलावतीवाल्यांचा जन्म १११४ चा, हे ठाऊक आहे. पहिले भास्कर सातव्या शतकातले, त्यापलीकडे नेमकं वर्ष रेटणं म्हणजे थाप. इथे तारीख ‘शतक’ एवढ्याच नेमकेपणानं नोंदवता येते, खोटं वर्ष भरायची सक्ती नाही. (भास्कर-१ आणि भास्कर-२ नावाचे आपले उपग्रहही आहेत, १९७९ आणि १९८१ चे. त्यांतला आकडा उड्डाणाचा, पण भास्कर पहिले आणि दुसरे शोधायला निघालेल्याच्या वाटेत ते आडवे येतातच.)

आता तक्रारी. मराठीत शोधाल तर पुष्कळ नोंदींना नाव आहे आणि वर्णनाची जागा रिकामी. मग एकाखाली एक सारखीच नावं दिसतात आणि आपण आपले आत शिरून तारखा बघत बसतो. ज्या नियमाचं मी वर कौतुक केलं, त्याचा फायदा वर्णन लिहिलेलं असेल तरच. दुसरं, ‘रामदास’ या नुसत्या शब्दाचीही नोंद असू शकते, व्यक्तीची नव्हे, नावाची. घाईत तीच उचलली जाते. तिसरं, नोंद कुणीही बदलू शकतो. म्हणून प्रत्येक विधानाखाली संदर्भ दिलाय का ते आधी बघावं. नसेल तर ते विधान ऐकीव माहिती समजावं आणि छापील साधनाशी ताडून घ्यावं.

क्वेरी सर्व्हिस नावाची सोयही आहे. अमुक नावाची, अमुक सालाआधी जन्मलेली सगळी माणसं एका फटक्यात काढता येतात. पण त्यासाठी स्पार्कल ही शोधभाषा शिकावी लागते. मी तयार नमुने घेऊन त्यात नावं बदलते, माझं तेवढ्यावर भागतं.

पाचपैकी चार. माहिती वापरायला परवानगी लागत नाही, पैसे लागत नाहीत. वर्णनाची रिकामी जागा दिसली तर ‘संपादन’ दाबून स्वतः भरावी: ‘शिखांचे चौथे गुरू, १५३४–१५८१’ एवढी ओळ पुरे, समर्थ रामदास त्यापासून आपोआप वेगळे पडतात.