अ‍ॅलेन्ड्रोनेट आणि डेनोसुमॅब: हाडांच्या ठिसूळपणावरील दोन औषधे

हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना आवर घालणे हेच दोन्ही औषधांचे काम असले, तरी त्यांच्या वाटा अगदी वेगळ्या आहेत. अ‍ॅलेन्ड्रोनेट हाडातील खनिजाला चिकटून बसते आणि हाड कुरतडणाऱ्या पेशीच्या पोटात शिरून तिला निकामी करते; डेनोसुमॅब हे प्रतिपिंड मात्र या पेशी घडवणारा रँकएल हा संदेशच वाटेत अडवते.

अ‍ॅलेन्ड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी लागते आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे होता येत नाही, कारण गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे जखम होऊ शकते. डेनोसुमॅबचे ६० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी त्वचेखाली दिले जाते.

सोय पाहिली तर इंजेक्शन उजवे वाटते, पण माझ्या मते खरा फरक औषध थांबवल्यावर कळतो. अ‍ॅलेन्ड्रोनेट हाडात वर्षानुवर्षे टिकून राहते. डेनोसुमॅबचा असर मात्र झपाट्याने ओसरतो, दबलेली झीज उसळून येते आणि काही रुग्णांच्या पाठीचे अनेक मणके एकापाठोपाठ मोडतात. म्हणून पुढचे इंजेक्शन लांबवणे किंवा डॉक्टरांना न विचारता बंद करणे धोक्याचे आहे.

मूत्रपिंडे बरीच कमकुवत असल्यास अ‍ॅलेन्ड्रोनेट टाळतात. डेनोसुमॅब देता येते, परंतु अशा रुग्णांत रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते, त्यामुळे कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाची कमतरता आधी भरून काढावी लागते.