ग्रेट सर्कल मॅपर: अंतराला पैकीच्या पैकी, वेळ मात्र तिकिटावरच बघा

यवतमाळ-वाशीमकडची पोरं अमेरिकेला निघाली की घरात पहिला वाद होतो तो मुंबईवरून जायचं की दिल्लीवरून. ‘ग्रेट सर्कल मॅपर’ ही विमानतळांमधलं अंतर काढून देणारी फुकटातली साइट तो वाद दोन मिनिटांत मिटवते. विमानतळांचे तीन अक्षरी कोड मध्ये आडवी रेघ देऊन टाका: नागपूरचा एनएजी, दिल्लीचा डीईएल, सॅन फ्रान्सिस्कोचा एसएफओ. स्वल्पविराम दिला तर ते वेगवेगळे मार्ग धरले जातात. एकक किलोमीटर करून घ्या, नाहीतर मैलाचा आकडा किलोमीटर समजून हिशेब चुकतो.

नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर येतं सुमारे 13,110 कि.मी. दिल्लीवरून 13,235, मुंबईवरून 14,190, दोहावरून 15,830. म्हणजे दिल्लीचा फेरा जेमतेम सव्वाशे किलोमीटरचा. सपाट नकाशात हे पटत नाही, कारण रेघ थेट आर्क्टिककडे वाकलेली दिसते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा, तोही उत्तरेकडूनच जातो. मुंबई तेवढ्यापुरती उलट्या दिशेला पडते.

गावाच्या नावाने शोधू नका. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे (एसजेसी) आणि कोस्टा रिकातही (एसजेओ).

खरी गडबड होते वेळेची. अशा अंतरावरून वेळ काढून देणाऱ्या बऱ्याच साइट अंतराला ताशी आठशे-नऊशेने भागतात आणि वर अर्धा तास टाकतात. त्यात वारा नाही, बंद हवाई हद्द नाही. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर चौदाशे किलोमीटरने वाढून 15,300 झालं, तरी पाठीवरच्या वाऱ्यामुळे साडेचौदा तासांत पोहोचलं, नेहमीपेक्षा सुमारे दोन तास आधी. उलट एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानची हद्द भारतीय विमानांना बंद झाली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांना वळसा पडला. मॅपरवरची रेघ मात्र तसूभर हलली नाही.

तिकिटावरचे आकडेही नीट वाचा, दोन्ही वेळा स्थानिक असतात. कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेतेरा तास मागे, उन्हाळ्यात साडेबारा. सकाळी निघून त्याच दिवशी दुपारी उतरलात, तर प्रवास चार तासांचा झाला असं नाही.

आणि यवतमाळ-नागपूर दीडशे किलोमीटर, एसटीचे तीन-साडेतीन तास, हे अशा साइट धरत नाहीत. दिल्लीत मध्ये किमान तीन-चार तास ठेवा, इमिग्रेशन तिथेच होतं. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळ्या तिकिटांवर पहिलं विमान उशिरा आलं, तर पुढचं चुकल्याची भरपाई सहसा कोणी देत नाही, आणि बॅगाही दिल्लीत उतरवून पुन्हा चेक-इन कराव्या लागतात.