कानाच्या मशीनबरोबर ऐकण्याचा सराव: माझे सहा आठवडे

माझं वय ७१. दोन्ही कानांना मशीन लागून वर्ष झालं, त्यातले निम्मे दिवस ते डबीतच पडून होतं. भांडी, पंखा, रिक्षा सगळं कानावर आदळायचं, पण समोरच्याचं बोलणं कळायचं नाही. मशीन घेतलं त्या दुकानात विचारलं, तर "घालत राहा आजी, सवय होईल" एवढंच. शेवटी सुनेनं इथं नाशिकमध्येच एका ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) बाईंकडे नेलं. त्या आठवड्यातून एकदा पाऊण तास सराव घेतात.

पहिल्या दिवशी माझा ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीचं किती ऐकू येतं त्याचा आलेख, पुढे ठेवून त्यांनी समजावलं, की वयानं आधी उंच पट्टीचे आवाज जातात आणि स, श, थ, फ यांची ओळख त्यांतच असते. म्हणून मला 'साल' आणि 'शाल' एकच वाटत. मशीन आवाज मोठा करतं. वर्षानुवर्षं न ऐकलेला आवाज ओळखायला मेंदूला मात्र पुन्हा शिकावं लागतं. हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं!

ओठ दिसू नयेत म्हणून बाई तोंडापुढे कागद धरून सारख्या वाटणाऱ्या शब्दांच्या जोड्या म्हणत: सात-साठ, ताट-थाट. आधी शांत खोलीत, मग मोबाइलवर बाजाराचा गलका लावून. मला सगळ्यात आवडलं ते वर्तमानपत्र. त्या एकेक वाक्य वाचणार, आपण जसंच्या तसं म्हणायचं. अडलं तर नुसतं "काय?" नाही, "भेटले कोण म्हणालात?" असं नेमकं विचारायचं. घरी रोज वीस मिनिटं आमचे हे वाचायचे. वाचायला घरात कुणी नसेल तर या सरावाचा निम्माच उपयोग, असं मला वाटतं. मोबाइलवरचं एक ॲप करून पाहिलं, पण ते सगळं इंग्रजीत, माझ्या कामाचं नाही.

बाईंनी भलती आशा दाखवली नाही, हे मला फार मोलाचं वाटलं. अमेरिकेत 'लेस' नावाच्या संगणकी सरावाची मोठी चाचणी झाली, २०१६ मध्ये ती छापून आली, आणि नुसतं मशीन वापरणाऱ्यांपेक्षा सराव करणाऱ्यांना जास्त फायदा दिसला नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

माझा ऑडिओग्राम तसाच आहे. लग्नाच्या हॉलमध्ये अजूनही काही कळत नाही. दवाखान्याला लिफ्ट नाही, गुडघेदुखीवाल्यांनी जपून. पण मशीन आता सकाळी कानात जातं ते रात्रीच निघतं, आणि गेल्या बुधवारी गंगेवरच्या (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) बाजारात मेथीचा भाव मला एकदाच विचारावा लागला.