क्रियापदांची साठ कार्डं आणि वाचनाच्या बारा पुस्तिका: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात, सोलापूरच्या नव्या पेठेतल्या एका दुकानातून मी लहान मुलांना इंग्रजी शिकवायचा एक संच घेतला. साडेआठशे रुपये पडले. खोक्यात क्रियापदांची साठ कार्डं, वाचनाच्या बारा पातळ पुस्तिका, भिंतीवर लावायचा एक तक्ता, आणि प्रत्येक कार्डावर मोबाइल धरला की उच्चार ऐकू येईल अशी सोय. आता एप्रिल उजाडलाय. दहा महिने रोज हाताळल्यावर लिहायला बसलेय, कारण घेताना मी शोधलं तेव्हा ‘छान आहे, मुलांना आवडलं’ यापलीकडे कुणी काही सांगत नव्हतं.

माझी शिकवणी शहराच्या पूर्वभागात, राहत्या घरीच असते. संध्याकाळी पाच ते सात, तिसरी-चौथीची चौदा मुलं. सगळी मराठी माध्यमाची. पण त्यातल्या नऊ जणांच्या घरी तेलुगू बोलतात, दोघांच्या घरी कन्नड. वडील यंत्रमागावर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात, आई घरी विड्या वळते. आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. या मुलांच्या आईवडिलांपैकी बहुतेकांना ते पाचवीत गेल्यावर भेटलं आणि पुढे दोन-तीन वर्षांत शाळाच सुटली. त्यामुळे अडलं तर घरी विचारायला कुणी नाही. संचाचा विचार मी याच मुलांना डोळ्यांसमोर ठेवून करते. ज्यांच्या घरी आईबाबा इंग्रजी बोलतात त्यांचा अनुभव वेगळा असू शकेल.

आधी जे मनापासून आवडलं ते. कार्डाच्या पुढच्या बाजूला फक्त चित्र आहे, शब्द नाही. शब्द मागे. ही गोष्ट किती मोलाची आहे ते मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. शब्द समोर असला की मूल स्पेलिंगकडे बघतं आणि घाबरतं. चित्र असलं की तोंड उघडतं. पहिला महिनाभर मी कार्ड उलटलंच नाही. अंगणात उभं करायचं, कार्ड वर धरायचं, मी ‘जंप’ म्हणायचं आणि सगळ्यांनी उडी मारायची. मग मी गप्प, एका मुलानं हुकूम सोडायचा आणि बाकीच्यांनी करायचं. आधी ऐकून अंगानं करायचं आणि बोलणं मागाहून आलं तर येऊ द्यायचं, ही पद्धत जेम्स अ‍ॅशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं मांडली. ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ म्हणतात तिला. संचातल्या सूचनापत्रात तिचा उल्लेखही नाही, पण कार्डं जणू तिच्यासाठीच बनवलीत. सुरुवातीला जे दोघं तोंडच उघडत नव्हते तेच ‘सिट’, ‘स्टँड’, ‘टर्न’वर सगळ्यांच्या आधी हलायचे. त्यांना कळत होतं, फक्त बोलायचं धाडस नव्हतं. लेखी परीक्षेत हे कधी दिसलं नसतं.

चित्रांबद्दल मात्र तक्रार आहे. साठांतली निदान अकरा कार्डं आमच्या उपयोगाची नाहीत. बर्फ खोऱ्यानं लोटणारा माणूस, बर्फावरून घसरणारी मुलगी, बागेतली वाळकी पानं दाताळ्यानं गोळा करणारे आजोबा. ‘स्वीप’च्या चित्रात उभ्या दांड्याचा ब्रश आहे, मुलांना ते झाडणं वाटलंच नाही, त्यांनी ‘रंग देतोय’ म्हणून सांगितलं. ‘गो’ आणि ‘वॉक’ची चित्रं तर इतकी सारखी की मीच दोनदा चुकले.

म्हणून जुलैमध्ये ती अकरा कार्डं बाजूला काढली आणि पुठ्ठ्यावर आमची आम्ही कार्डं केली. हा या दहा महिन्यांतला सगळ्यात चांगला आठवडा. मी फळ्यावर विचारलं, तुमच्या घरी दिवसभर काय काय करतात? एका मुलानं माग काढला, त्यात आडवा दोरा नेणारा धोटा इतका नेमका काढला की मला बघत राहावंसं वाटलं. ते कार्ड झालं ‘वीव्ह’चं. चौथीतल्या एका मुलीनं मांडीवर सूप घेऊन बसलेली आई काढली. मी विचारलं, आई आधी काय करते? ती म्हणाली, पान कापते. मग? तंबाखू भरते. मग? वळते, टोक दुमडते, दोरा बांधते. एकेक करून मी शब्द देत गेले: कट, फिल, रोल, फोल्ड, टाय. पाच क्रियापदं, आणि पाचही क्रमानं. दुसऱ्या दिवशी तिनं हातानं करून दाखवत ती न अडखळता म्हटली. तंबाखूचं काम वर्गात आणावं का, म्हणून माझं मन क्षणभर कचरलं होतं. पण त्या मुलीला आईचं काम इंग्रजीत सांगता येत होतं आणि तिची मान ताठ झाली होती. ते कार्ड मी ठेवलं.

आता मागच्या बाजूबद्दल. तिथे शब्दाखाली तीन रूपं छापलीत: गो, वेंट, गॉन. सूचनापत्र म्हणतं, रोज पाच क्रियापदांची तिन्ही रूपं पाठ करून घ्या. मी दोन आठवडे ते केलं. मुलं पाढ्यांसारखी म्हणू लागली, पालक खूश झाले, एक आजी तर दारात उभी राहून ऐकायची. मग मी एकाला विचारलं, ‘काल तू कुठं गेलास?’ इंग्रजीत सांग. तो म्हणाला, ‘आय गो वेंट गॉन मार्केट.’ त्याचा काही दोष नव्हता. त्याला मी ते एकच लांबलचक नाव म्हणून शिकवलं होतं. त्या दिवसापासून ते पाठांतर बंद केलं.

भूतकाळ खऱ्या अर्थानं आला तो जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या गड्ड्यानंतर, म्हणजे संक्रांतीच्या जत्रेनंतर. संक्रांतीची सुट्टी संपवून मुलं आली ती होम मैदानावरचं सांगायला उतावीळ. मी म्हटलं, सांगा, पण मी देते त्या शब्दांनी. आय वेंट. आय सॉ. आय एट. आय बॉट. कुणी आकाशपाळण्यात बसलं, कुणी सात नंदीध्वज पाहिले, कुणाची चप्पल गर्दीत गेली म्हणून ‘आय लॉस्ट’ लागलं. लक्षात घ्या, यातलं एकही क्रियापद ‘ईडी’ लावून होणारं नाही. इंग्रजीत जी क्रियापदं सगळ्यात जास्त लागतात तीच वाकडी चालतात: बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक. आपण मात्र वॉक-वॉक्डपासून सुरुवात करतो कारण ते सोपं दिसतं. मुलाला सांगायचं असतं की मी गेलो, मी पाहिलं, मी खाल्लं. तिथूनच सुरू करावं असं आता माझं ठाम मत आहे. संचात यासाठी वेगळा क्रम नाही, अक्षरानुक्रमे कार्डं आहेत. ‘आस्क’ पहिलं आणि ‘गो’ पंधरावं, याला काय अर्थ?

चालू वर्तमानकाळासाठी मला मदत झाली ती आपल्या सोलापुरी बोलीची. ‘शी ईट्स’ आणि ‘शी इज ईटिंग’ यांची खिचडी सगळीच मुलं करतात, ‘शी इज ईट्स’ तर रोज ऐकू येतं. पुस्तकी मराठीतलं ‘ती खाते’ आणि ‘ती खात आहे’ सांगून फरक पोचत नव्हता, कारण ‘खात आहे’ असं इथं घरात कुणी बोलतच नाही. एक दिवस मी सहज म्हटलं, ‘करतो’ म्हणजे रोजचं, ‘करलालाय’ म्हणजे आत्ता, या घडीला. लगेच तीन-चार डोकी हलली. ‘पप्पा मागावर काम करतो’ आणि ‘पप्पा काम करलालाय, आवाज यलालाय बघा’. फरक त्यांच्या तोंडात आधीपासून होता! शाळेत ज्या बोलीला अशुद्ध म्हणून टोकतात तिनंच माझं काम केलं.

वाचनाच्या पुस्तिकांवर मात्र मी निराश आहे. पहिल्याच पुस्तिकेत पहिल्या पानावर सहा शब्दांचं वाक्य. त्याआधी तक्त्यावर ए-बी-सी-डीची नावं आणि सफरचंद-चेंडू-मांजराची चित्रं. म्हणजे मुलाला अक्षराचं नाव माहीत, आवाज माहीत नाही. ‘बी-ए-टी’ असं म्हणून ‘बॅट’ कसं व्हावं? मराठीत क दिसला की ‘क’ म्हणायचं, नाव आणि आवाज एकच. इंग्रजीत अक्षरं सव्वीस आणि आवाज चव्वेचाळीसच्या आसपास. ही दरी पुस्तिकेनं ओलांडायला मदत करायची, ती उलट मुलाला थेट पलीकडच्या काठावर उभं करते.

मग मी पुस्तिका मिटल्या आणि सहा अक्षरांपासून सुरुवात केली: एस, ए, टी, पी, आय, एन. एवढ्यातून सॅट, पिन, टॅप, निप, स्पिन, पँट असे ढीगभर शब्द होतात. अडचण एकच यायची: मुलं ‘स’ म्हणताना त्यात ‘अ’ मिसळायची आणि ‘सअ-इ-टअ’ होऊन शब्द जुळायचा नाही. इथं जोडाक्षरांनी वाचवलं. मुलांना पाय मोडका स् आणि पाय मोडका ट् माहीत असतो. मी सांगितलं, इंग्रजीतल्या या अक्षरांचे सगळ्यांचे पाय मोडलेत, पुढच्याला धरल्याशिवाय ती उभी राहत नाहीत. स् ला इ नं हात दिला, त्यांच्या मागे ट्.

विडीची कार्डं काढणारी ती मुलगी. ऑगस्टमधला शुक्रवार, बाहेर भुरभुर पाऊस. फळ्यावर मी काही न बोलता तीन अक्षरं लिहिली. चित्र नाही, आवाज नाही. ती ओठ हलवत होती. स्… सि… सिट्. मग ‘सिट्टु’ म्हणाली, कारण तेलुगूत शब्दाच्या शेवटी स्वर आल्याशिवाय जीभ थांबत नाही. तिच्या तोंडी बससुद्धा ‘बस्सु’ असते. आणि मग ती खाली बसली. स्वतःहून. वाचलं आणि बसली. बाकीचे तिच्याकडे बघत होते. मी पुसून दुसरा शब्द लिहिला, ‘स्टँड’, जरा अवघडच, तर मागच्या रांगेतून दोघं उठले. क्रियापदांची कार्डं आणि वाचन एकत्र जुळलं ते तिथे. मग मी रोज दहा मिनिटं फळ्यावर मुक्यानं हुकूम लिहायचे आणि मुलं वाचून करायची. त्या शेवटच्या ‘उ’साठी मी टोकलं नाही. दिवाळीनंतर तो बराच कमी झाला.

ज्यांना हा प्रयोग करायचाय त्यांच्यासाठी आणखी एक. पेन आणि पॅन, बेड आणि बॅड यांत मराठी मुलांना फारसं अडत नाही, कारण अर्धचंद्राची खूण आपल्याकडे आहे. ‘शिप’ आणि ‘शीप’मध्ये मात्र फार अडतं, कारण ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहितो पण बोलताना फारसं पाळत नाही. तिथे वेळ द्या.

पुस्तिकांच्या शेवटी पाहताक्षणी ओळखायच्या शब्दांची यादी आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडवर्ड डॉल्च यांनी १९३६ साली मांडलेले हे २२० शब्द, त्यात नामं नाहीत. यादी उपयोगाची आहे, पण सगळेच शब्द घोकायचे नसतात. ‘रन’, ‘जंप’, ‘कट’ आवाजावरून वाचता येतात. ‘वॉक’मधला एल बोलत नाही आणि ‘पुट’ ‘कट’सारखा वागत नाही, असे थोडेच शब्द डोळ्यांनी लक्षात ठेवावे लागतात. ‘असं का, टीचर?’ म्हणून विचारलं तर मी सरळ सांगते, हा शब्द नियम मोडतो, याला चेहऱ्यावरून ओळखायचं.

उच्चार ऐकायची सोय चांगली आहे, आवाज स्वच्छ आहे. ‘वॉक्ड’च्या शेवटी ट, ‘प्लेड’च्या शेवटी ड आणि ‘वाँटेड’मध्ये इड हा फरक माझ्यापेक्षा तिथे नीट ऐकू येतो. पण घरात मोबाइल एक, तो वडिलांबरोबर कारखान्यात. घरी अभ्यासाला म्हणून ही सोय आमच्या मुलांना मिळालीच नाही. कार्डांचं प्लॅस्टिक मार्चच्या उन्हात कडेनं सुटायला लागलं. पाच कार्डं हरवली, ती सुटी मिळतात का म्हणून दुकानात विचारलं तर पूर्ण संचच घ्या म्हणाले.

तर घ्यावा का? क्रियापदांच्या कार्डांसाठी घ्या, तेवढ्याचेच पैसे वसूल होतात. पुस्तिका पहिले पाच-सहा महिने उघडू नका. माझ्या चौदांपैकी नऊ मुलं फेब्रुवारीपासून पहिल्या चार पुस्तिका आपापल्या वाचतात, दोघं सहाव्या पुस्तिकेपर्यंत पोचलेत, तिघं अजून तीन अक्षरी शब्दांत आहेत. त्या तिघांसाठी जूनमध्ये पुन्हा सहा अक्षरांपासून सुरुवात करणार आहे, या वेळी अंगणातूनच.

चौथीची सहा मुलं आता पाचवीत जातील. धोट्याचं कार्ड ज्यानं काढलं त्यानं परवा ते परत मागितलं, घरी लावायचंय म्हणाला. मी त्याच्या हातात कोरा पुठ्ठा दिला आणि म्हटलं, येणाऱ्या मुलांसाठी एक नवं काढून दे, मग हे घेऊन जा. तो तिथेच अंगणात रंग घेऊन बसला.