हट्टी पात्रांसाठी 5 बाय 3ची कार्डं

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानांत रेघांची 5 बाय 3 इंची कार्डं गठ्ठ्याने मिळतात. ग्रंथालयाच्या सूचीसाठी वर्षानुवर्षं वापरली गेली ती हीच. कादंबरीतली पात्रं सांभाळायला दोनशे पानी वहीपेक्षा ही कार्डं फार सरस आहेत. वहीत बाराव्या पानावर लिहून ठेवलेला आराखडा खोडायचं जिवावर येतं, मग लेखक आराखडा वाचवायला पात्राला वाकवतो. कार्ड नुसतं बाजूला काढलं की झालं.

घेताना जाडी बघा. पातळ कार्डावर शाईपेनाची शाई पलीकडे उमटते आणि मागची बाजू वाया जाते. या कामात मागच्या बाजूलाच खरं महत्त्व आहे. गठ्ठ्यातल्या एका कार्डाच्या कोपऱ्यात रेघ ओढून बघू द्या म्हणावं.

एका मुख्य पात्राला दहा-बारा कार्डं पुरतात. पहिल्या कार्डावर उंची, रास, आवडता रंग लिहू नये. तयार छापील तक्त्यांत हेच रकाने असतात आणि त्यातून पात्र बोलू लागत नाही. त्याऐवजी ते कोणाला अरे म्हणतं, कोणाला अहो म्हणतं आणि कोणाचं नाव घ्यायचंच टाळतं, ते लिहावं. मराठीत माणूस इथेच पकडला जातो. दुसऱ्या कार्डावर त्याला काय हवंय आणि ते कोणाला सांगणार नाही, एवढंच. पुढे दर प्रसंगाला एक कार्ड: समोर ‘ठरलं होतं’, मागे ‘केलं’.

समजा, सदाशिव पेठेतल्या वाड्याचे निवृत्त पोस्टमास्तर पुनर्विकासाच्या कागदांवर सही करणार, असं समोर लिहिलंय. प्रसंग लिहिताना ते चष्म्याची डबी उघडतात, बंद करतात, “आधी चहा घ्या” म्हणतात आणि बिल्डरच्या माणसाला पहिल्यांदाच ‘अरे’ म्हणतात. सही राहते. इथे पेन थांबवू नये. साधारण पाचशे शब्द त्यांच्या मागे जावं, मग कार्ड उलटून जे घडलं ते लिहावं.

खरी पारख त्यानंतर. मागची कार्डं चाळून नकाराचं बीज शोधायचं. पोस्टात असताना न वाचता सही करणाऱ्यांना ते टोकत असत, असं चौथ्या कार्डावर सापडलं, तर हा हट्ट मास्तरांचा आहे. पुढची कार्डं बदलावीत. बीज सापडलं नाही आणि त्याच आठवड्यात सूनही तशीच अडून बसली असेल, तर ती लेखकाची मनःस्थिती आहे. संवादांवरची नावं झाकून वाचावं. कोण बोलतंय ते कळेनासं झालं, तर दोघांच्या तोंडून लेखकच बोलतोय. ही चूक सर्वांत जास्त होते, कारण पात्राने बंड केलं की लेखकाला आनंद होतो आणि तो तपासायचं विसरतो.

पात्रं ऐकत नाहीत हा अनुभव विरळा मुळीच नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्जरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 50 कथालेखकांशी बोलून अभ्यास केला. त्यांतल्या 46 जणांना हा अनुभव कमी-अधिक प्रमाणात होता, आणि ज्यांचं लेखन प्रसिद्ध झालं होतं त्यांच्याकडे तो अधिक वारंवार आणि तपशिलात आढळला. टेलर यांचा तर्क असा की सरावाने कल्पना आपोआप चालू लागते आणि ती आपण चालवतोय हे जाणवेनासं होतं. म्हणून पात्र गप्प बसलं, तर त्याची कार्डं ओळीने मोठ्याने वाचून काढावीत आणि आराखड्यात नसलेला एक साधा प्रसंग लिहावा: रांगेत उभं राहणं, भाजी निवडणं. ज्यांची पात्रं कधीच अडत नाहीत त्यांनी मात्र वहीच वापरावी. त्यांना कार्डांची अडचणच होईल.

एक खरी उणीव आहे. पावसाळ्यात कार्डं दमट होऊन वाकतात आणि रबरबँड कडा दाबून टाकतो. कोपऱ्यात भोक पाडून फायलीचा टॅग ओवावा. बाजूला काढलेली कार्डं फाडू नयेत, वेगळ्या टॅगला ठेवावीत. मास्तर विसाव्या प्रकरणात सही करायला तयार होतात, तेव्हा तेच जुनं कार्ड लागतं.