अर्ज भरून देणारे पुष्कळ भेटले, कागद वाचणारी एकच: संजय गांधी योजनेचा वर्षभराचा अनुभव

आमचे हे बोटीवर खलाशी होते. २०२४ ची नारळी पौर्णिमा झाली, होड्या दर्यात गेल्या आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांनी हे पहाटे उठताना कोसळले. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. आम्ही देवगड तालुक्यातले. मी काजूच्या कारखान्यात जात होते, ते सुटलं. घरात सासूबाई, हे आणि मी. मुंबईचे दीर पाठवतात त्यात औषधं निघतात, बाकीचं कसंबसं. तेव्हापासून सरकारी मदतीसाठी ज्या-ज्या दारात गेले, त्यांतलं कुठलं खरंच उपयोगी पडलं ते लिहिते आहे. कोणी याच वाटेवर असेल तर त्याच्या दोन फेऱ्या तरी वाचतील.

सुरुवात दिव्यांग प्रमाणपत्रापासून. त्याच्याशिवाय पुढचं काही हलत नाही. अर्धांगवायूत सुधारणा होऊ शकते म्हणून डॉक्टरांनी सहा महिने थांबायला सांगितलं होतं. त्यासाठीच्या सरकारी वेबसाइटवर, स्वावलंबन पोर्टलवर, अर्ज केला, तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाची तारीख मिळाली. एका सरकारी रुग्णालयात यांना रिक्षाने घेऊन गेलो, तर तपासणारे डॉक्टर त्या दिवशी रजेवर. बाकावर यांना आडवं करून मी तीन तास उभी होते. दुसऱ्या खेपेला काम झालं आणि ७० टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळालं. त्यासोबत जे दिव्यांग ओळखपत्र मिळतं त्यावर पिवळी पट्टी असते, म्हणजे ४० ते ८० टक्के. ८० च्या वर निळी. जाण्याआधी डॉक्टर बसणार आहेत का हे फोन करून विचारा, आणि सोबत जुने सगळे रिपोर्ट न्या, डिस्चार्ज कार्ड तर नक्कीच.

मग मी पहिली चूक केली. गावात एक जण 'सगळी कामं करून देतो' म्हणून फिरत असतो, त्याला तीन हजार दिले. त्याने संजय गांधी निराधार योजनेचा, म्हणजे निराधार आणि दिव्यांगांना सरकार दरमहा मदत देतं त्याचा, अर्ज भरला आणि सांगितलं, तुमचं उत्पन्न ३६ हजार दाखवलंय, मर्यादा २१ हजारांची आहे, वर बोलावं लागेल, आणखी द्या. मी घाबरले. वस्तुस्थिती अशी की २१ हजारांची मर्यादा इतरांसाठी आहे. दिव्यांग व्यक्तीच्या बाबतीत वार्षिक ५० हजारांपर्यंत चालतं. अपंगत्व किमान ४० टक्के, वय १८ ते ६५ आणि महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहत असल्याचा दाखला हवा. एवढं त्याला माहीत नव्हतं, किंवा माहीत असून बोलला नाही. ते तीन हजार गेले ते गेलेच.

सरकारी दाखले काढून देणाऱ्या सेतू केंद्रातल्या मुलीने मात्र खरं काम केलं. मी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेले होते. तिने पिशवीतले सगळेच कागद मागितले आणि टेबलावर एका खाली एक मांडले: आधार, रेशनकार्ड, पासबुक, यांचं नवीन प्रमाणपत्र. मग पेन्सिलने प्रत्येकावरच्या नावाखाली रेघ मारली. रेशनकार्डावर यांना घरात हाक मारतात ते नाव होतं. आधारवर शाळेतलं. पासबुकावर शाळेतलंच, पण इंग्रजीत एक अक्षर जास्त. ती म्हणाली, "वयनी, हय एक नाव, थंय दुसरा. अर्ज असोच पाठवलो तर परत येतलो." आपल्याकडे बाबी, बाबल, दाजी ही नावं रेशनकार्डापर्यंत पोचलेली असतात, त्यामुळे हा घोळ घरोघरी असणार. शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र जोडून पुरवठा शाखेत रेशनकार्ड दुरुस्त केलं, बँकेत स्पेलिंग सुधारलं. दीड महिना गेला, पण अर्ज नंतर एकदाही परत आला नाही. तिने माझ्याकडून दाखल्याची ठरलेली फी तेवढी घेतली, पावतीसकट.

तहसील कार्यालयात संजय गांधी योजनेची वेगळी शाखा असते, तिथे अर्ज दिला. पोच घेताना त्यावर तारीख आणि शिक्का आहे ना ते बघा. मी पहिल्यांदा नुसता शिक्का घेऊन आले होते. अर्ज तालुक्याच्या समितीपुढे जातो आणि समितीची बैठक लागेपर्यंत थांबावं लागतं. दोन महिने झाले तरी काही कळेना, तेव्हा तालुका विधी सेवा समितीत गेले. ही मदत फार थोड्या लोकांना ठाऊक आहे याचं मला मनापासून वाईट वाटतं. १९८७ च्या कायद्याने दिव्यांग व्यक्तीला मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यासाठी उत्पन्न बघत नाहीत. फोन नंबर १५१००. तिथल्या विधी स्वयंसेवक बाईंनी माझ्यासमोर बसून अर्धं पान लिहिलं: अर्ज अमुक तारखेला दिला, तो कोणत्या टप्प्यावर आहे ते लेखी कळवावं. पंधरा दिवसांत उत्तर आलं की पुढच्या बैठकीत घेतलाय, आणि जुलैत मंजूर झाला. तेही झालं नसतं तर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी तहसीलला लोकशाही दिन असतो, तिथे जायचं ठरवलंच होतं.

मंजुरी आली, पैसे आले नाहीत. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. पासबुक दर आठवड्याला भरून आणायचे. बँकेत विचारलं तर आधार लिंक आहे म्हणाले, तहसीलमध्ये विचारलं तर पैसे गेले म्हणाले. दोघांचंही बरोबर होतं. आता ही रक्कम थेट आधारवरून जाते आणि आधारशी शेवटी जे खातं डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी) जोडलं असेल त्यातच पडते. यांनी रत्नागिरीत बोटीवर असताना कधीतरी दुसऱ्या बँकेत खातं उघडलं होतं, ते आमच्या कोणाच्या डोक्यातही नव्हतं. हे सापडलं पोस्टमनमुळे. तो पोस्टाच्या बँकेचं मशीन घेऊन घरी येतो. आधीच्या महिन्यात त्यानेच यांचा मोबाईल आधारला जोडून दिला होता. त्या मोबाईलवर ओटीपी घेऊन आधारच्या 'माय आधार' वेबसाइटवर त्याने बँक सीडिंगची स्थिती, म्हणजे आधारला कुठल्या बँकेचं खातं जोडलंय ते, उघडली आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. बँकेचं नाव भलतंच. त्या खात्यात साडेपाच हजार पडून होते: दोन महिन्यांचे पंधराशे-पंधराशे, आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना वाढवून मिळालेले अडीच हजार. मी ओसरीवरच बसून रडले. आता पोस्टातलं खातं जोडलंय, पैसे यांच्या बोटाच्या ठशावर घरी मिळतात. उजव्या हाताचा ठसा उठत नाही, डाव्याचा उठतो.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. मी लेखी मागणी केल्यावर आम्हाला कमोडची खुर्ची मिळाली. तोंडी विचारून वर्षभर काही झालं नव्हतं. एसटीला यांना ७५ टक्के सवलत आहे, आणि ६५ टक्क्यांच्या वर अपंगत्व असेल तर सोबत्याला अर्धं तिकीट. मला बाई म्हणून ते आधीच अर्धं होतं, पण वडिलांना नेणाऱ्या मुलांना उपयोगी पडेल. दीर जुन्या करप्रणालीत आहेत. भाऊ त्यांच्यावर अवलंबून असल्याने आयकरात ७५ हजारांची वजावट त्यांना मिळू शकते, हे सोसायटीतल्या एका सीएने सांगितलं.

राहिली गोष्ट माझी. दिवसातून चार वेळा कूस बदलणं, भरवणं, रात्री उठणं, हे करणाऱ्या माणसासाठी आमच्या फाइलीत एकही रकाना नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख आहे. विधी स्वयंसेवक बाईंनीच वाचून दाखवला. केरळात आश्वासकिरणम नावाने अशी मदत दिली जाते. माझ्यासाठी अर्ज कुठे करायचा हे मी प्रत्येक दारात विचारलं, प्रत्येक ठिकाणी माणसं गप्प झाली. मी तो प्रश्न सोडलेला नाही. तुम्हीही विचारा, लेखी विचारा.

सध्या सासूबाईंची श्रावणबाळची, म्हणजे वृद्धांना दरमहा मदत देणाऱ्या योजनेची, फाइल चालू आहे. त्या ६५ च्या वरच्या आहेत, पण आधारवर जन्मवर्ष चुकून दहा वर्षं पुढचं पडलंय. शाळेत त्या गेल्या नाहीत, म्हणून वयाचा वैद्यकीय दाखला घ्यायचा आहे. या वेळी एजंटाकडे गेले नाही. सगळे कागद पिशवीत घालून आधी त्याच मुलीच्या टेबलावर नेऊन ठेवले, आणि तिने पेन्सिल काढली.