शालेय प्रकल्पासाठी मोफत वेबसाइट-सेवा : सहामाहीभर वापरल्यानंतरचा अनुभव

तयार टेम्पलेट, ओढून ठेवायचे चौकोन आणि मोफत योजनेच्या मर्यादा सर्वांना ठाऊक असल्याने त्यांत शिरत नाही. कोल्हापुरात शिवाजी पेठेतील आमच्या शाळेत नववीची मुले दृकप्रत्ययवाद, म्हणजे इंप्रेशनिझम, या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रचळवळीवर वेबसाइट तयार करत आहेत. मी त्यांचा चित्रकला शिक्षक. जूनपासून सुरळीत चाललेल्या या कामाला दिवाळीच्या तोंडावर सेवेने चित्रांच्या गॅलरीत केलेल्या एका बदलाने खीळ बसली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिले काही महिने माझे मत चांगले होते. विशेषतः कालपटाची सोय अपेक्षेपेक्षा सरस निघाली. 15 एप्रिल 1874 रोजी पॅरिसमध्ये छायाचित्रकार नादार यांच्या जुन्या स्टुडिओत भरलेल्या या चळवळीच्या पहिल्या प्रदर्शनापासून 1886 च्या आठव्या आणि शेवटच्या प्रदर्शनापर्यंतची सगळी वर्षे मुलांनी त्यावर मांडली आणि प्रत्येक वर्षाखाली चित्रकारांची नावे भरली. आठही ठिकाणी पिसारो हे एकच नाव येते, हे मी न सांगता एका मुलीच्या लक्षात आले आणि पिसारोचे स्वतंत्र पान करायचे तिथेच ठरले. पाठ्यपुस्तकातल्या परिच्छेदातून हे इतक्या सहज दिसले नसते.

आता तक्रारीकडे येतो. पूर्वी गॅलरीत चित्र मूळ आकारात दिसत असे. बदलानंतर प्रत्येक चित्र मधोमध चौकोनी कापले जाऊ लागले. सहलीच्या फोटोंना ते चालून जाईल. या चळवळीच्या चित्रांना मुळीच चालत नाही, कारण चौकटीच्या कडेवर काय कापायचे हा इथे चित्रकाराने विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो, आणि जपानी मुद्राचित्रे व छायाचित्रण यांच्याकडून या मंडळींनी जे उचलले त्यात हा एक मोठा भाग आहे. याच चळवळीतला चित्रकार कायबॉत याचे 1877 चे पॅरिसमधल्या पावसाळी रस्त्याचे चित्र सुमारे 212 बाय 276 सेंटिमीटरचे, म्हणजे आडवे आहे. त्याच्या उजव्या कडेला पाठमोरा माणूस अर्धाच दिसतो आणि त्या अर्धेपणामुळे आपण स्वतः त्या फुटपाथवर उभे असल्यासारखे वाटते. गॅलरीने नेमकी तीच कड छाटली. "सर, छत्रीवाला कडेचा माणूस कुठं गेला?" असे एका मुलाने विचारले, तेव्हा त्याने आदल्या आठवड्यात त्याच माणसावर लिहिलेला मजकूर खाली तसाच होता.

याच गटातल्या देगाच्या 'अ‍ॅब्सिंथ'ची अवस्था याहून वाईट झाली. अ‍ॅब्सिंथ हे एक कडक मद्य; ते पुढ्यात घेऊन कॅफेत बसलेली बाई आणि तिच्या शेजारचा पुरुष यांचे हे उभे चित्र आहे. खालच्या बाजूची रिकामी टेबले आणि त्यांच्यावर पुलासारखे आडवे टाकलेले वर्तमानपत्र यांवरून नजर सरकत त्या खिन्न बाईपर्यंत पोहोचते. खालचा भाग गेला की ही वाटच बंद होते. शेजारच्या पुरुषाचा हात आणि पाइप मात्र उजव्या कडेवर देगानेच कापलेले आहेत. चित्रकाराचे कापणे कोणते आणि यंत्राचे कोणते, हे ज्या पानावर कळत नाही त्या पानावरून रचना शिकवायची कशी?

ग्राहकसेवेला मी मूळ चित्रे आणि पडद्याचे फोटो जोडून लिहिले. पहिल्या उत्तरात ब्राउझरची साठवण पुसायला सांगितले; बरीच पत्रापत्री झाल्यावर मूळ प्रमाणातील गॅलरी आता सशुल्क योजनेतच मिळेल, असे कळवले. शाळेच्या चित्रकलेच्या तरतुदीतून कागद आणि जलरंगच जेमतेम भागतात. चित्र अखंड दिसावे एवढ्यासाठी वर्षाची वर्गणी भरणे मला पटत नाही आणि मी ती भरलेली नाही.

यानंतर सेवा सोडायचे जवळपास ठरले होते, पण एका बाबतीत मत थोडे बदलावे लागले. गॅलरीऐवजी 'एकच चित्र' हा चौकोन वापरला तर संगणकावर चित्र पूर्ण दिसते आणि खाली चित्रकार, वर्ष, माध्यम, आकार व संग्रहालय लिहायला पुरेशी जागाही मिळते. त्यामुळे आराखडा बदलून गॅलरी काढून टाकली, चित्रांची संख्या कमी केली आणि प्रत्येक चित्राला स्वतःचे पान दिले. मुलांचे लेखन यामुळे नेमके झाले, हे मान्य केले पाहिजे. मात्र मोबाइलवर हाच चौकोन ठरावीक उंचीचा होतो आणि उभे चित्र पुन्हा कापले जाते. आमच्या बहुतेक पालकांकडे फक्त मोबाइल आहे. सध्या उभ्या चित्रांच्या दोन्ही बाजूंना कोऱ्या पट्ट्या जोडून ती आडवी केली आहेत. दिसायला बरे नाही, पण चित्र शाबूत राहते.

चित्रे मिळवण्याची अडचण आली नाही. कायबॉतचे हे चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे आणि त्या संग्रहालयाच्या वेबसाइटवरून मोठ्या आकारात मोफत उतरवता येते. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क असतो आणि या चळवळीतला प्रमुख चित्रकार मोने 1926 मध्येच वारला, त्यामुळे तीही चिंता नव्हती. शेवटचे पान कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांच्या रंकाळा आणि कोटितीर्थ या इथल्या तलावांच्या परिसरातील निसर्गचित्रांवर आहे. त्यांना या चळवळीत ओढून बसवलेले नाही; पाण्यावरचा प्रकाश दोन ठिकाणच्या चित्रकारांनी कसा रंगवला एवढेच मुलांनी शेजारी ठेवून पाहिले आहे.

फक्त कालपट आणि मजकूर हवा असेल त्यांनी ही सेवा जरूर घ्यावी. चित्रांवर प्रकल्प करणाऱ्या शिक्षकांनी मात्र पानांचा आराखडा ठरवण्यापूर्वी एक उभे आणि एक आडवे चित्र चढवून ते साध्या मोबाइलवर उघडून पाहावे, आणि चारही कडा मूळ चित्राशी ताडून घ्याव्यात. पुढच्या वर्षीच्या वर्गासाठी मी दुसरी मोफत सेवा याच दोन चित्रांवर तपासत आहे.